बंदरावरचा बांध

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव महाराष्ट्राला संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. या गावाची दुसरी एक ओळख मात्र फारशी कोणाच्या ध्यानात राहत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून भारताच्या किनाऱ्यावर व्यापाराला येणाऱ्या एका अनाम ग्रीक नाविकाने ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या आपल्या ग्रंथात ‘तगर’ नगरीचा उल्लेख केला आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे विद्वानांनी निश्चित केले आहे. तगरचे जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांमधून बिकट वाटा तुडवीत भडोच बंदरापर्यंत जाई आणि तेथून सातासमुद्रापार रवाना होई. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील वस्तू रोमशी असलेल्या त्या संबंधांची साक्ष आजही देतात.

याच ग्रंथात कल्याण बंदराविषयी एक मार्मिक नोंद आहे. पूर्वी तेथे परदेशी जहाजांना रीतसर व्यापार करता येत असे. पुढे राजसत्ता बदलली, निर्बंध आले आणि चुकून तेथे शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले. कोणत्या बंदरात, कोणत्या अटीवर, कोणाचा माल उतरू द्यायचा, हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीही व्यापाऱ्याच्या मर्जीचा नव्हता. तो राज्याच्या अधिकाराचा होता. आणि त्या निर्णयाचा परिणाम समुद्र कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या तगरच्या विणकरापर्यंत पोहोचत होता.

आज तगरच्या परिसरात कापड विणले जात नाही. तेथे सोयाबीन पिकते. परंतु समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या माणसाचे भवितव्य बंदरावर ठरते, ही वस्तुस्थिती तसूभरही बदललेली नाही.

दारावरचा पहारा

सीमेवरचा जकातीचा नाका म्हणजे काय, हे धाराशिवला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. निजामी राजवटीत या जिल्ह्याच्या वेशीवर ‘करोडगिरी’चे नाके होते. शेजारची बार्शी ब्रिटिश मुलखात आणि धाराशिव निजामाच्या; त्यामुळे बार्शीच्या बाजारपेठेत जाणारा-येणारा माल ही परदेशी मालाप्रमाणे नाक्यावर अडवला जाणारी वस्तू होती. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सीमेवरच्या शिबिरांतील तरुणांनी हे करोडगिरी नाके लक्ष्य केले, ते उगाच नव्हे. स्वजनांना स्वजनांपासून तोडणारी ती जकात होती आणि तिचे उत्पन्न प्रजेला नव्हे, तर प्रजेला पिळणाऱ्या सत्तेला मिळत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला आणि पुढे ती आतली कुंपणेही गेली.

परंतु आतली कुंपणे जाणे वेगळे आणि घराच्या दाराची कडी काढून टाकणे वेगळे! राष्ट्राच्या सीमेवरील शुल्क हे अन्यायाचे साधन नाही. शेतकऱ्याच्या शेताला जसा बांध, तसा देशाच्या अर्थकारणाला हा बांध आहे. बांध नसलेल्या शेतातली माती पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते, हे सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूम तालुक्यांनी याचि देही याचि डोळा पाहिले आहे. बंदरावरचा बांध फुटतो, तेव्हा मात्र पाण्याचा आवाज होत नाही. फुटल्याची बातमी शेतकऱ्याला आडतीवरच्या भावातून कळते.

तीन वर्षांचा पाढा

गेल्या काही वर्षांतील घटनाक्रम डोळ्यांखालून घालावा. ऑगस्ट २०२१ च्या प्रारंभी सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला होता. नवे पीक शेतात उभे होते आणि कळंब, वाशीच्या शेतकऱ्याने अनेक वर्षांनंतर मुलीच्या लग्नाचा, विहिरीच्या कामाचा हिशेब मनात मांडला होता. त्याच महिन्यात केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास संमती दिली. ज्या सोयाबीनचे बियाणे भारतीय शेतकऱ्याने पेरणे हा गुन्हा, त्याच सोयाबीनची पेंड न्हावाशेवा बंदरात उतरवणे मात्र कायदेशीर! त्यापाठोपाठ कच्च्या खाद्यतेलावरचे शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये मूळ सीमाशुल्क शून्यावर आले. खळ्यावर रास पडली, तेव्हा भाव जवळजवळ निम्म्यावर आलेला होता. पडझडीला अन्य कारणेही होती. पण ऐन काढणीच्या तोंडावर दार सताड उघडणे, हे कारण कोणालाही नाकारता येणार नाही.

पुढील जवळजवळ तीन वर्षे हे दार उघडेच राहिले. उपकर आणि अधिभार धरून कच्च्या सोयातेलावर अवघे साडेपाच टक्के शुल्क होते. शेतकऱ्यांचा रोष वाढल्यावर १४ सप्टेंबर २०२४ पासून मूळ शुल्क २० टक्के करण्यात आले. एकूण भार २७.५ टक्क्यांवर गेला. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु तो झाला तेव्हा जुन्या, स्वस्त दराने आयात केलेला सुमारे ३० लाख टन तेलाचा साठा देशात होता आणि तो ४५ ते ५० दिवस पुरेल, असे खुद्द केंद्र सरकारनेच तेलउद्योगाला सांगितले होते. सप्टेंबरच्या मध्यापासून पन्नास दिवस मोजले की नोव्हेंबर उजाडतो. मराठवाड्यात सोयाबीनची काढणी, मळणी आणि गरजू शेतकऱ्याची विक्री नेमकी याच पन्नास दिवसांत होते. चोर येऊन गेल्यावर दाराला कडी घातली, तर घरधन्याला त्याचा लाभ काय? त्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजार समित्यांत शेतकरी त्याहून कितीतरी कमी भावाने पोती रिकामी करीत होता.

तरीही शुल्क टिकले असते, तर पुढच्या हंगामाला त्याचा आधार मिळाला असता. तेही घडले नाही. २८ मे २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सोयाबीनचा हमीभाव ४३६ रुपयांनी वाढवून ५,३२८ रुपये केला. वृत्तपत्रांत मथळे झळकले. अवघ्या दोन दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणले गेले. एकूण भार १६.५ टक्के उरला. मृगाच्या तोंडावर एका हाताने वाढवलेला भाव दुसऱ्या हाताने काढून घेण्यात आला. शुद्ध केलेल्या तेलावरचे ३५.७५ टक्के शुल्क कायम ठेवल्याने देशातील तेल शुद्धीकरण कारखान्यांचे हित साधले, हे मान्य. पण कारखान्याचे हित म्हणजे शेतकऱ्याचे हित नव्हे. कारखान्याला कच्चे तेल अर्जेंटिनाचे मिळाले काय आणि लातूरच्या गिरणीतले मिळाले काय, त्याची चिमणी धूर सोडतच राहते.

कागद खरा, माल खोटा

शुल्काचा दर हा बांधाचा एक भाग झाला. दुसरा भाग त्याहून महत्त्वाचा आणि त्याहून दुर्लक्षित आहे: आयातदाराने केलेल्या निवेदनाची सत्यता.

परदेशातून माल येतो, तेव्हा त्याच्यासोबत कागदांची एक चळतच येते. जहाज कंपनीचे बिल ऑफ लेडिंग, विक्रेत्याचे बीजक, मालाच्या मूळ देशाचा दाखला आणि या सर्वांच्या आधारे आयातदाराने किंवा त्याच्या कस्टम हाउस एजंटाने भरलेले बिल ऑफ एंट्री. २०११ पासून भारतात शुल्काची आकारणी प्रथमतः आयातदारानेच स्वतः करावयाची असते. माल कोणता, किती, कोठला, किती किमतीचा, हे त्याने सांगावयाचे आणि त्यावर आपले शुल्कही त्यानेच काढावयाचे. अधिकारी सर्वच माल उघडून पाहत नाहीत; ते शक्यही नाही. तेव्हा ही संपूर्ण व्यवस्था अखेर एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे आयातदाराच्या शब्दाचा खरेपणा.

हा शब्द कोठे खोटा ठरतो? सर्वांत मोठी पळवाट मूळ देशाच्या दाखल्यात आहे. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली, म्हणजे ‘साफ्टा’खाली, नेपाळहून येणाऱ्या तेलाला शुल्कमाफी मिळते. नेपाळ हे आपले बंधुराष्ट्र आहे. तेथील शेतकऱ्याने पिकवलेल्या मालाला भारताची बाजारपेठ खुली असावी, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु नेपाळमध्ये पाम पिकत नाही आणि तेथे पिकणारे सोयाबीन तेथून येणाऱ्या तेलाच्या मानाने नगण्य आहे. मग हे तेल येते कोठून? ते येते दक्षिण अमेरिकेतून आणि आग्नेय आशियातून. कोलकाता-हल्दियासारख्या भारताच्याच बंदरांत ते उतरते, मोहोरबंद होऊन भारताच्याच भूमीवरून नेपाळमध्ये जाते, तेथे त्याचे शुद्धीकरण होते आणि ‘नेपाळी’ होऊन ते शुल्कमुक्त परत येते. अल्पविकसित देशांसाठी करारातील अट किमान ३० टक्के मूल्यवृद्धीची आहे. केवळ तेल गाळून आणि डबे भरून त्याची किंमत खरोखरीच एवढी वाढते काय, हा प्रश्न कोणत्याही गावच्या तेल्याला विचारावा!

या वाटेने येणाऱ्या प्रत्येक टँकरमागे दाखला असतो, त्यावर शिक्का असतो, सही असते. कागद खरा असतो. माल मात्र तो सांगतो त्या मातीतला नसतो. २७.५ टक्के शुल्काची भिंत उभारायची आणि तिच्या बाजूला शून्य टक्क्यांचे भगदाड ठेवायचे, यातून दोघांचे नुकसान होते. पहिला अर्थातच शेतकरी. दुसरा, ज्याचा उल्लेख सहसा होत नाही, तो प्रामाणिक आयातदार. जो नियमाने शुल्क भरतो, कागद सांभाळतो, चौकशीला सामोरा जातो, त्याचा माल महाग पडतो आणि आडवाटेने आणणाऱ्याचा स्वस्त. प्रामाणिकपणाला दंड आणि लबाडीला बक्षीस देणारी व्यवस्था फार काळ प्रामाणिक माणसे निर्माण करू शकत नाही.

सरकारने याकडे अगदीच डोळेझाक केली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२० मध्ये शुद्ध पामतेलाची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘निर्बंधित’ यादीत टाकली गेली. त्याच वर्षी सीमाशुल्क कायद्यात दुरुस्ती होऊन २१ सप्टेंबर २०२० पासून मूळ देशाविषयीचे नवे नियम लागू झाले. केवळ दाखला दाखवून आता सुटका नाही. माल त्या देशाचा कसा ठरतो, मूल्यवृद्धी कशी झाली, याची माहिती आयातदाराने स्वतः मिळवावी, पाच वर्षे जपून ठेवावी आणि मागणी होताच सादर करावी, असा दंडक आहे. शंका आल्यास सवलत रोखण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. कायदा उत्तम आहे. प्रश्न आहे तो रक्सौलच्या आणि जोगबनीच्या नाक्यावर तो किती टँकरांना लावला जातो, हा. म्यानातली तलवार कितीही धारदार असली, तरी शत्रूला ती कधी दिसतच नसेल, तर तिचा धाक कसा बसावा?

कौटिल्याचे स्मरण

या प्रश्नाला आधुनिक म्हणून मिरवणाऱ्यांनी कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ उघडून पाहावे. शुल्काध्यक्ष हा त्या राज्यव्यवस्थेतील एक जबाबदारीचा अधिकारी. शुल्क चुकवण्यासाठी मालाचे परिमाण किंवा मूल्य कमी सांगणाऱ्याला तेथे आठपट शुल्काचा दंड आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्यतः मूल्याच्या पाचव्या हिश्शाएवढे शुल्क आहे. आणि २०२४ मध्ये आकारलेले २० टक्केही नेमके तेवढेच, हा योगायोग लक्षणीय आहे. परंतु कौटिल्य सरसकट दार बंद करणारा नव्हता. राष्ट्राला पीडा देणारा माल रोखावा आणि प्रजेला अत्यंत उपकारक असणारा माल, दुर्मीळ बियाणे, यांना शुल्क माफ करावे, असा त्याचा विवेक होता. आपल्याकडे मात्र उलटे झाले. बियाणे महाग आणि तेल मोफत!

‘गृहिणीचे अंदाजपत्रक’

मुक्त बाजारपेठेचे पुरस्कर्ते येथे हमखास एक ढाल पुढे करतात. ती म्हणजे मध्यमवर्गीय गृहिणीचे अंदाजपत्रक. शुल्क वाढले की तेल महागते, तेल महागले की सण कडू होतो, असा हा युक्तिवाद. तो खोटा नाही, अर्धा आहे. अर्धे सत्य पूर्ण असत्याहून फसवे असते.

१९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी भारत खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. त्यानंतर १९९४-९५ पासून आयात खुली होऊ लागली, शुल्क उतरत गेले, जागतिक व्यापार संघटनेत तर सोयातेलावरची कमाल शुल्कमर्यादा अवघी ४५ टक्के मान्य करून आपण आपलेच हात बांधून घेतले. परिणाम काय? आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येते. मराठवाड्याच्या शेतांतून करडई, जवस, कारळ हटले, गावोगावचे घाणे थांबले.

आणि गृहिणीला स्वस्ताई मिळाली काय? २०२२ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क शून्य होते. तरीही युक्रेनमध्ये युद्ध पेटताच सूर्यफूल तेलाचा पुरवठा आटला. २८ एप्रिल रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली आणि भारतीय स्वयंपाकघरांत तेलाचे भाव भडकले. शून्य शुल्काने कोणालाही वाचवले नाही. ज्या घरातले पीठ रोज शेजाऱ्याकडून येते, त्या घराची चूल शेजाऱ्याच्या लहरीवर पेटते, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ कशाला हवा?

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के. उरलेली बहुतेक पेंड. तेव्हा नुसते तेलावरचे शुल्क वाढवून सोयाबीनचा भाव वाढत नाही, असे जाणकार म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच तेलाचे शुल्क, पेंडीची आयात-निर्यात आणि हमीभावाची खरेदी, या तिन्हींचा विचार एकत्र व्हावा लागेल. पण एक खांब पुरेसा नाही म्हणून तोही पाडून टाका, असा निष्कर्ष त्यातून कोणी काढीत असेल, तर तो अर्थशास्त्र सांगत नसून आपला स्वार्थ सांगत आहे.

अनुपालन दोन्ही बाजूंनी

‘कायद्याचे पालन करा’ असे आयातदाराला बजावणे सोपे आहे आणि ते बजावलेच पाहिजे. परंतु राज्यालाही एक पालन आहे. दक्षिण अमेरिकेतून निघालेल्या जहाजाला भारतीय बंदर गाठायला सहा आठवड्यांहून अधिक काळ लागतो. सोयाबीनला पेरणीपासून काढणीपर्यंत सुमारे शंभर दिवस लागतात. जहाज समुद्रात असताना दर बदलला, तर आयातदाराला निदान मार्ग असतो. माल बंदराच्या गोदामात शुल्क न भरता ठेवता येतो आणि दर उतरल्यावर सोडवून घेता येतो. कायद्याने शुल्क आकारले जाते ते तो माल सोडवण्याच्या दिवसाच्या दराने. कळंबच्या शेतकऱ्याने मात्र एकदा बी मातीत टाकले की ते परत पिशवीत भरता येत नाही. त्याच्यासाठी असे कोणते गोदाम आहे, जेथे उभे पीक भाव सुधारेपर्यंत थांबवून ठेवता येईल?

म्हणून मागणी साधी आहे. तेलबिया, पेंड आणि खाद्यतेल यांवरील शुल्काचे धोरण मृगापूर्वी जाहीर व्हावे आणि त्या पिकाची विक्री संपेपर्यंत ते खाली आणू नये. आयात तेल आणि पेंड यांची पडणारी किंमत हमीभावाला छेद देणार नाही, अशी शुल्काची पातळी ठेवावी. मूळ देशाच्या दाखल्याची पडताळणी काढणीच्या महिन्यांत अपवाद म्हणून नव्हे, तर नेम म्हणून व्हावी. आणि खोटे निवेदन करणाऱ्याला केवळ चुकवलेले शुल्क भरून सुटू देऊ नये.

दत्तोपंत ठेंगडी यांनी जागतिक व्यापार संघटनेच्या जाचक अटींविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा सत्तेवर आपला कोण आणि परका कोण, हे पाहिले नव्हते. स्वदेशी ही विरोधी पक्षात असताना वापरायची घोषणा नव्हे. सत्तेच्या दिवसांतच तिची खरी कसोटी लागते. २०२१ मध्ये काय झाले आणि ३० मे २०२५ रोजी काय झाले, याचा जाब त्याच निष्ठेने विचारला गेला पाहिजे.

कुटुंबांनाही यात वाटा आहे. तेलाची पिशवी घेताना त्यावरचे नाव वाचण्याची, घाण्यावरचे करडईचे, शेंगदाण्याचे तेल महिन्यातून एकदा तरी घरी आणण्याची सवय ही लहान गोष्ट वाटते. परंतु देशातल्या प्रत्येक स्वयंपाकघराने ती लावून घेतली, तर बंद पडलेले घाणे पुन्हा फिरू लागतील.

निजामाच्या नावाचे ओझे उतरवून या जिल्ह्याला २०२३ मध्ये त्याचे मूळ नाव परत मिळाले, तेव्हा धाराशिवकरांनी आनंद व्यक्त केला आणि तो यथोचित होता. पण नाव परत मिळणे ही सुरुवात आहे. तगरच्या कापडाला भडोचच्या बंदरात मान होता. त्याच मातीतल्या सोयाबीनला आपल्याच देशाच्या बंदरापुढे मान खाली घालावी लागू नये, एवढीच धाराशिवची अपेक्षा आहे. बांध शेतकऱ्याने आपल्या शेताला घातलेला आहे. बंदरावरचा बांध घालणे आणि राखणे, हे काम मात्र ज्यांच्या हाती राज्य आहे, त्यांचे आहे.